मान अजून खाली, साहेब

प्रिय सई आणि मिहिर,

तुम्ही दोघं फोनवर नेहमी म्हणता की आजी कधी कोणावर चिडत नाही. तुमच्या आईने तुमची तशी समजूत करून दिली असणार. ती खोटी आहे. मी एका माणसावर गेली पंधरा वर्षं चिडलेली आहे, आणि तो राग मी माझ्या चांगल्या साड्यांसारखा नीट घडी घालून ठेवलेला आहे. तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

हे आत्ताच लिहायला बसण्याचं कारण असं. गेल्या आठवड्यात बोईसरहून आमच्या जुन्या औषधांच्या कारखान्यातून फोन आला. बोलणारी मुलगी नवी होती, गोड होती. म्हणाली, "मॅडम, कारखान्याचा वर्धापनदिन आहे. स्मरणिका काढतोय. आपल्या जुन्या प्रॉडक्शनच्या साहेबांचा सत्कार आहे. तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंत, त्यांच्याविषयी दोन चांगले शब्द लिहून द्या ना. आणि एखादा जुना फोटो असला तर तोही पाठवा."

मी दोन दिवस प्रामाणिकपणे विचार केला. साहेब वेळेवर येत आणि त्यांची सही सुवाच्य होती. याहून पुढे माझी लेखणी जाईना. दर वेळी त्यांच्याविषयी लिहायला बसले की पॅकिंगमधली माझी मैत्रीणच डोळ्यांसमोर यायची. म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही.

ती कुठलीही वस्तू हातात आली की आधी कानाशी न्यायची.

माचिसची पेटी, गोळ्यांची पट्टी, सुका बोंबील, माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी, काहीही. कानाशी धरायची, जरा हलवायची किंवा दाबायची, आणि मग ठरवायची. चहाचा ग्लास मात्र कानाशी नाही, हाताला बांगड्यांच्या वर टेकवायची. तिथपर्यंत अजून कळत होतं. बांगड्यांच्या खाली, बोटांच्या टोकांपर्यंत, काहीच कळत नव्हतं. पायांचंही तेच, घोट्याखाली कोणी नव्हतंच जणू.

"हात मेले, बाय," ती म्हणायची. "मी नाय मेले."

मला ती 'बाय' म्हणायची. पॅकिंगमधल्या मराठी बायका तिला मावशी म्हणत, हिंदी बोलणारी पोरं मौसी म्हणत. ती किनाऱ्यावरच्या कोळ्याघरची. लहानपणापासून जाळ्याच्या गाठी मारलेली बाई. नवऱ्याची होडी विकली गेली आणि ती कारखान्यात आली. मी पालघरहून, ती शिरगावच्या बाजूने, आणि बोईसरला दोघींच्या कंपनीच्या बसगाड्या साधारण एकाच वेळी फाटकाशी लागायच्या. मी टाइम ऑफिसात होते, म्हणजे कोण किती वाजता आलं याची नोंद ठेवायची आणि साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप करायची.

आमची ओळख बटणांमुळे झाली. एके दिवशी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत ती पांढऱ्या कोटाच्या बटणाशी झुंजत होती. पाच मिनिटं मी बघत होते. शेवटी मी पुढे होऊन बटणं लावून दिली.

ती म्हणाली, "पयल्यांदा मुलीची लावली मी. आता मला कोन लावतंय बग."

त्यानंतर नऊ वर्षं मी रोज सकाळी तिची सहा बटणं लावली. संध्याकाळी काढलीही.

हे कशामुळे झालं, ते सांगायला हवं. औषधाच्या पट्टीवर तारीख आणि नंबर छापलेला असतो ना, तो छापणारे रबरी ठसे असतात. त्यांच्यावर शाई साचते. ती अकरा वर्षं ते ठसे थिनरने पुसत होती, उघड्या हातांनी. हातमोजे कारखान्यात होते. ते साहेबांच्या कपाटात होते. साहेबांचं म्हणणं असं की मोजे घातले की बायका हळू काम करतात. परदेशातले पाहुणे कारखाना बघायला यायचे त्या दिवशी कपाट उघडायचं आणि सगळ्यांना मोजे मिळायचे. पाहुण्यांची गाडी कुंभवली नाक्याच्या पुढे गेली की मोजे परत कपाटात.

एकदा पाहुणे समोर उभे असताना तिला मोजे दिले. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज कसला सण हाय, साहेब? नवे मोजे मिलाले ते?"

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. पण त्यांच्याबरोबरच्या माणसाला येत होतं. साहेब हसले. मी त्या हसण्याकडे बघितलं आणि मला कळलं की हे प्रकरण इथे संपणार नाही.

पुढे दोन वर्षांत तिची बोटं बधिर होत गेली, मग पाय. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हटलं. म्हणजे हातापायांच्या टोकांकडच्या नसा काम करेनाशा होतात. थिनरने झालं असेल का, असं तिने विचारलं. असू शकेल, थोडी साखरही आहे, नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले. साहेबांनी त्यातला फक्त साखरेचा भाग उचलला. "भात कमी खा, मावशी," असं ते तिला जाता येता सांगायचे.

तिला ठशांवरून काढून पट्ट्या तपासायला बसवलं. आणि गंमत अशी की तिथे ती सगळ्यांहून चांगली निघाली. गोळ्यांच्या पट्टीला कुठे बारीक भोक राहिलं तर आत हवा जाते आणि औषध खराब होतं. ते भोक डोळ्यांना दिसत नाही. बाकीच्या बायका बोटाने चाचपून बघायच्या. ती पट्टी दोन तळव्यांत दाबायची, कानाशी. चांगली पट्टी गप्प बसायची. भोक असलेली अगदी बारीक सुस्कारा टाकायची. "बोंबील पुरता सुकला का नाय ते आमी आइकूनच सांगतो," ती म्हणायची. "त्यात काय येवडं."

त्यासाठी ती डोक्यावरची टोपी एका बाजूने कानाच्या वर सरकवून बसायची. नियमाप्रमाणे दोन्ही कान झाकलेले हवेत. सुपरवायझर ओरडायचा, "मौसी, टोपी नीचे करो! साहब देखेंगे!"

"बगू दे. कान झाकला तर मी आंदली."

टोपीबद्दल तिला तीन मेमो मिळाले. तिन्ही मीच टाइप केले.

एका सकाळी ती टाइम ऑफिसच्या दारातून आत आली, माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि मागे वळून फरशीकडे बघू लागली. दारापासून टेबलापर्यंत लाल ठसे उमटले होते.

"बाय, हे कोनाचं रगत?"

"तुझंच गं."

चपलेतून खिळा वर आला होता. बसच्या थांब्यापासून ती त्यावर चालत आली होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाय धुतला, पट्टी बांधली. ती माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होती, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता. त्याच दिवशी मी पालघरच्या बाजारातून निळ्या चौकटीचा लहान आरसा आणला. रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघायचे, अशी तिला ताकीद दिली.

"पायाला आरसा!" ती हसली. "तोंड कंदी बगितलं नाय येवडं."

पण ती रोज बघायची. नोकरी टिकवायची तर पाय टिकवायला हवे होते. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग कारखान्याची वार्षिक आरोग्यतपासणी आली. बाईमाणूस म्हणून तिच्याबरोबर मी आत बसले. कंपनीचे डॉक्टर भले गृहस्थ होते. हातात सुई घेऊन म्हणाले, "मावशी, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

तिने डोळे मिटले. "टोचलं," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा, "टोचलं." मला आश्चर्य वाटत होतं, कारण खरोखरच सुई बोटाला लागली होती. तिसऱ्यांदाही बरोबर. मग डॉक्टरांनी सुई टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसले.

"टोचलं," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले, टेबलावरची सुई बघितली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "जाल्याच्या गाटी मोजते ना, तसं मोजत होते. तीन झाले का त्याची सुई यायची. ह्या वकताला मेल्याने गाटच नाय मारली."

मला हसू आलं आणि रडूही. पण ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. त्यांनी ती कँटीनमध्ये, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना सांगितली. "आपल्या मावशींना सुई न लावताच टोचते!" लोक हसले. ती चार टेबलं पलीकडे डबा उघडून बसली होती. तिने डबा बंद केला, न जेवता उठली, आणि जाताना माझ्याजवळ वाकून म्हणाली, "ह्याच्या गल्यात निरोपाचा हार मीच घालनार. बगशील तू."

मुलांनो, हे तुम्हाला समजावून सांगते. आमच्या कारखान्यात कोणी निवृत्त झालं की त्याच्या विभागातल्या सर्वांत जुन्या कामगाराने हार घालायचा, अशी पद्धत होती. साहेब चार वर्षांनी निवृत्त होणार होते, ती पाच वर्षांनी. त्यांच्या विभागात ती सर्वांत जुनी होती. म्हणजे हार तिनेच घालायचा होता, पण तोपर्यंत नोकरीत राहिली तर.

आठ दिवसांत साहेबांनी मला पत्र सांगितलं. हाताने करावयाच्या कोणत्याही कामास कायमची अपात्र, सबब सेवेतून मुक्त करावे. माझ्या टायपिंगमध्ये कधी चूक होत नसे. त्या पत्रातही झाली नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

ती दारात आली. "काय लिवलंस माज्याविषयी?"

मी सांगितलं.

"हात मेले, मी नाय मेले. ते पन लिव की."

ते मी लिहू शकत नव्हते. पण फायली लावायचं काम माझं होतं, आणि कामगारांशी झालेला करार त्या इमारतीत बहुधा माझ्याखेरीज कोणी अखेरपर्यंत वाचलेला नव्हता. त्यात एक कलम होतं. कायम कामगाराला अपात्र ठरवायचं तर आधी कामगारांच्या प्रतिनिधीसमोर त्याच्या कामाची प्रत्यक्ष चाचणी घ्यायची. मी ते पान प्रतिनिधीच्या हातात ठेवलं आणि सहीसाठी पत्र नेलं तेव्हा त्याची एक प्रत पत्राला टाचून नेली. साहेबांनी माझ्याकडे वर बघितलं. मी त्यांना पेन दिलं.

चाचणी त्यांनी स्वतः बेतली. पाचशे चांगल्या पट्ट्या मोजून घेतल्या आणि त्यांतल्या बारांना आपल्या हाताने सुईने भोकं पाडली. वेळ एक तास. शेजारची यंत्रं चालूच राहतील, असं बजावलं. ती कानाने काम करते हे त्यांना ठाऊक होतं. त्या खडखडाटात मला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

तिने काही तक्रार केली नाही. टोपी एका कानावरून खाली ओढली, गच्च. यंत्रांकडचा कान झाकला. निम्मा का होईना, नियम आवडीने पाळायची तिची ती पहिलीच वेळ. दुसरा कान उघडा ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि पट्ट्या उचलू लागली. बोटांना कळत नसल्यामुळे ती प्रत्येक पट्टी डोळ्यांनी धरायची, बघून उचलायची, बघून ठेवायची. दोनदा पट्ट्या हातातून निसटून खाली पडल्या. साहेबांनी दोन्ही वेळा घड्याळाकडे बघितलं.

तास संपला तेव्हा तिच्यासमोर वेगळ्या काढलेल्या पट्ट्या होत्या. साहेबांनी मोजल्या. तेरा.

"तेरा!" ते प्रतिनिधीला म्हणाले. "मी बारा घातल्या. म्हणजे ही अंदाजाने काढते. बघितलंत ना?"

"पाण्यात टाकून बगा की," ती म्हणाली.

निळ्या पाण्याचं एक भांडं असतं. त्यात पट्टी बुडवून हवा ओढून घेतली की भोकातून निळं पाणी आत शिरतं. तेराच्या तेरा पट्ट्या त्यात टाकल्या. बाहेर काढून फाडल्या. तेरा पट्ट्यांतल्या गोळ्या निळ्या झालेल्या होत्या. बारा साहेबांच्या सुईच्या. तेरावी त्यांनी चांगली म्हणून मोजून घेतलेली, त्यांच्याच सहीने पास झालेल्या मालातली.

ती उठली, टोपी सारखी केली आणि म्हणाली, "बारा तुमी टोचल्या, साहेब. ही न टोचता कशी टोचली?"

यंत्रावरची पोरं हसली. तो सगळा माल गोदामातून परत आणून तपासावा लागला, तीन दिवस, साहेबांच्या देखरेखीखाली. ते अपात्रतेचं पत्र मी टराटरा फाडलं असतं, पण माझी ती सवय नाही. व्यवस्थित 'रद्द' असा शिक्का मारला. दोनदा मारला.

पुढची चार वर्षं साहेबांनी काय करायचं बाकी ठेवलं नाही. तिचं टेबल थंड हवेच्या झोताखाली हलवलं. तिची खुर्ची काढून स्टूल दिलं. तिची बस बदलली, म्हणजे तिला अर्धा मैल जास्त चालावं लागे. तिने जाड पायमोजे घातले, उशी आणली, चपलेला मागून पट्टा शिवून घेतला. रोज पाय आरशात बघितले. सकाळी माझ्यासमोर उभी राहून बटणं लावून घेताना विचारायची, "किती ऱ्हायले?"

"चौदा महिने."

"लाव बटनं."

निरोपाच्या आदल्या दिवशी साहेबांना अचानक तिच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. मुंबईला जाऊन पाय दाखवून या, असं म्हणून त्यांनी तिला उद्याची भरपगारी रजा दिली. रजा मंजूर झाली की त्या दिवशी कामगाराला फाटकातून आत यायला बंदी असे. मी त्यांना म्हटलं, "फार छान केलंत, साहेब."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती फाटकाशी आली. मोरपंखी साडी, कोळणीच्या सोन्याच्या पुतळ्या गळ्यात, केसांत अबोली. पाहुण्यांचा पास लिहिण्याचा अधिकार टाइम ऑफिसला असतो. मी पास लिहिला. कोणाला भेटायचं, या रकान्यात साहेबांचं नाव घातलं. कामाचं स्वरूप, या रकान्यात लिहिलं: हार.

कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मालक आले होते, त्यांची पत्नी होती, फोटोवाला होता. सूत्रसंचालकाने विभागातल्या सर्वांत जुन्या कामगाराला पुढे यायची विनंती केली. साहेब शांत बसले होते. मग ती खुर्च्यांच्या दोन रांगांमधून पावलांकडे बघत, सावकाश, चालत आली. त्यांचा चेहरा मी नीट बघून घेतला. तो मला अजून हवा तेव्हा आठवता येतो.

तिने झेंडूचा जाड हार दोन्ही हातांत घेतला.

"मान खाली घाला, साहेब."

साहेबांनी उभं राहून मान झुकवली. ते उंच होते.

"अजून खाली."

त्यांनी कमरेतून वाकून मान खाली घातली. तिने हार डोक्यावरून टाकला. पण हात मागे घेतले नाहीत. ते तिथेच ठेवले, त्यांच्या मानेच्या दोन्ही बाजूंना.

साहेब सरळ होऊ लागले.

"हलू नका, साहेब. माज्या बोटांना कलत नाय हार सुटला का नाय. आडकला आसंल तर तुटंल. चांगल्या दिवशी हार तुटलेला बरा नाय."

ते पुन्हा वाकले.

"अकरा वरसं तुमचं थिनर वापरलं ना," ती म्हणाली, अगदी आदराने, मालकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "त्याच्यामुलं झालं. तुमाला तर सगलं म्हाईत हाय. मोजे तुमच्याच कपाटात व्हते."

मालकांच्या पत्नीने मालकांकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, कारण मला नोंद ठेवायची सवय आहे. एक मिनिट झालं. साहेबांची मान लाल झाली. दीड मिनिट झालं. फोटोवाल्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने फोटो काढला.

"सुटला," ती म्हणाली. "आता ऱ्हावा उबे."

टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या. यंत्रावरच्या पोरांनी.

फाटकाबाहेर तिच्या बसची वाट बघत होतो तेव्हा मी तिला विचारलं, "खरंच कळत नव्हतं गं, हार सुटला की नाही ते?"

ती माझ्याकडे बघून इतकी हसली की अबोली खाली पडली. "डोले हायत ना मला!"

वर्षभराने ती स्वतः निवृत्त झाली. हार मी घातला. तिची मुलगी पालघरला नर्स झाली. मी अधूनमधून तिच्या घरी जायची तेव्हा ती वलांडीखाली, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली, बसलेली असायची, एकेक बोंबील कानाशी हलवत. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न ठरलेला.

"तो कसा हाय?"

"बरा आहे. मुलाकडे असतो."

"बरा कशाला पायजे?" असं म्हणून ती माझ्यासाठी चहा टाकायला सांगायची. "मी त्याच्या आदी जायाची नाय, बाय."

ही एक गोष्ट तिला जमली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तिने कोणाला सांगितलं नाही. आरसा ती रोज धरत होती, पण त्यात पायाची जखम तिला दिसत नव्हती. मुलीच्या लक्षात आलं तोपर्यंत फार उशीर झाला होता. तिला जाऊन दोन वर्षं झाली. साहेब ठणठणीत आहेत, त्यांचा सत्कार आहे, आणि कोणीतरी त्यांना हार घालणार आहे. मोठ्या मनाने विसरून जावं, असं तुमच्या आईचं मत आहे. मी तसं करणार नाही.

काल मी स्मरणिकेसाठी फोटो पाठवला. खाली दोन ओळी लिहून दिल्या, त्यांनी मागितल्या होत्या तशा. "साहेबांच्या निरोपसमारंभात हार घालताना पॅकिंग विभागातील सर्वांत जुनी कामगार. साहेबांच्या हुकमावरून तिने अकरा वर्षं उघड्या हातांनी थिनर वापरलं आणि तरीही निवृत्तीच्या दिवसापर्यंत नोकरी केली." खाली माझं नाव आणि हुद्दा. टायपिंगची चूक नाही.

ते छापतील की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून एक प्रत या पत्राबरोबर तुम्हाला पाठवते आहे.

मूळ फोटो माझ्या कपाटात वरच्या खणात, तिच्या मुलीने मला आणून दिलेल्या निळ्या आरशाखाली ठेवला आहे. त्यात ती सरळ समोर बघते आहे. साहेबांचं फक्त टक्कल दिसतं.